घटपर्णी: मेघालयातला तिचा अधिवास आणि घरी संकर झाड वाढवण्याची सविस्तर रीत

पानाच्या टोकाला घटासारखी पिशवी धरून तिच्यात कीटक पकडणारी वेल म्हणजे घटपर्णी. भारतात निसर्गतः वाढणारी घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना. मेघालयातल्या गारो, खासी आणि जयंतिया टेकड्या हे तिचं घर. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, खासी लोक तिएव-राकोत. कास पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं पाहिलेल्यांना कीटकभक्षी वनस्पती नव्या नाहीत, पण त्या टीचभर उंचीच्या, पावसाळ्यापुरत्या. खासियाना ही वर्षानुवर्षं जगणारी वेल आहे. झुडपांचा आधार घेत ती कित्येक मीटर वर चढते.

रोपवाटिकेतून आणलेली घटपर्णी घरी दगावते ती बहुतेक वेळा जास्त माया केल्याने: शेणखत, काळी माती, बोअरचं पाणी. म्हणून आधी तिचा डोंगर समजून घ्यायचा आणि मग कुंडी भरायची. पुढची प्रत्येक पायरी त्या डोंगरावरूनच ठरते.

ती जिथे उगवते ती जागा

दक्षिण गारो हिल्स जिल्ह्यात बाघमारा गावाजवळ खास घटपर्णीसाठी राखलेलं अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्र तीन हेक्टरपेक्षाही कमी आहे. दुसरं सहज पोहोचता येणारं ठिकाण जयंतिया टेकड्यांतलं जाराइन, जोवाईहून अमलारेमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर रस्ते बरे असतात आणि पावसाळ्यात आलेले घटही वेलीवर दिसतात.

तिथे गेल्यावर घटाआधी जमीन बघा. वालुकामय, आम्लधर्मी, हातात घेतली तर भुरभुरीत. याच टेकड्यांच्या दक्षिण उतारावर मावसिनराम आणि चेरापुंजी आहेत, जिथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इतका पाऊस जमिनीतले विरघळणारे क्षार धुऊन नेतो, आणि नत्र, स्फुरद फार थोडं उरतं. उतार असल्यामुळे पाणी मुळाशी साचत नाही, वाहत राहतं. दाट जंगलाच्या काळोख्या सावलीत ती फारशी सापडत नाही. जंगलाची कड, गवत-झुडपांचे उघडे उतार, खडकाळ बांध अशा ठिकाणी ती रुजते, जिथे डोक्यावर उजेड भरपूर आणि मुळाशी गारवा असतो. हिवाळ्यात पाऊस जवळजवळ थांबतो, पण धुकं आणि दव हवेतला ओलावा टिकवून धरतात.

खतमातीची सवय नसलेली मुळं, सतत ओली पण कधीही न तुंबलेली जमीन, दमट हवा आणि चांगला उजेड, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

जमिनीत नत्र नाही म्हणून ती ते कीटकांतून मिळवते. पानाची मधली शीर टोकाच्या पुढे दोरीसारख्या तणाव्यात वाढते आणि तणाव्याच्या टोकाला घट धरतो. सुरुवातीला ते टोक फक्त जरा जाड झालेलं दिसतं. मग ते वर वळतं, चपटी पिशवी होते आणि ती हळूहळू फुगते. या काळात झाकण घट्ट चिकटलेलं असतं आणि आतला द्रव झाडाने स्वतः तयार केलेला असतो. झाकण उघडल्यावर पुढचे काही दिवस तोंडाचा काठ बाहेरच्या बाजूला वळत जातो आणि रंग धरतो. या काठावर बारीक समांतर चुण्या असतात. मधाच्या लोभाने आलेली मुंगी कोरड्या काठावरून आरामात फिरते, पण दवाने किंवा मधाने तोच काठ ओला झाला की चुण्यांवर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि तिचे पाय सुटतात. म्हणजे सापळ्यालासुद्धा दमट हवाच लागते. आत पडलेला कीटक द्रवातल्या विकरांनी (पाचक एन्झाइमांनी) विरघळतो आणि खालच्या भागातल्या ग्रंथी ते अन्न शोषून घेतात.

केरळमधल्या पालोड इथल्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान आणि संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं, की खासियानासह काही घटपर्णींच्या तोंडाचा काठ अतिनील प्रकाशात निळा चमकतो. कीटकांना ओढून आणण्यात त्या चमकेचा वाटा असावा असं त्यांचं म्हणणं आहे.

खासियाना घरी आणायची नाही

जोसेफ डाल्टन हुकर यांनी १८७३ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आज ती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे आणि वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणी, फिरती शेती आणि शौकिनांसाठी होणारी उपट, या सगळ्यांनी तिच्या जागा आक्रसत गेल्या. त्यात तिची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एका उतारावर दोनचार झाडं उरली आणि ती सगळी नरच निघाली, तर तिथे बी धरणारच नाही. त्यामुळे पर्यटकाने उपटलेलं एक झाडसुद्धा त्या टेकडीला महागात पडतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ती निर्दिष्ट वनस्पती आहे. जंगलातून उपटणं आणि विकणं गुन्हा आहे, आणि लागवडीलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. कुणी ऑनलाइन ‘मेघालयची ओरिजिनल खासियाना’ विकत असेल तर तिथून सरळ बाहेर पडा. डोंगरावर गेलात तर फोटो काढा, घटात बोट घालू नका, आणि नेमकी जागा फोटोसोबत जाहीर करू नका.

घरासाठी संकर जाती घ्याव्यात. टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत ऊतींपासून) किंवा फाट्यांपासून, म्हणजे कापलेल्या फांदीच्या तुकड्यांपासून, केलेली ही रोपं सहज मिळतात आणि रानातल्या जातींपेक्षा जास्त सोसतात.

कोणतं रोप घ्यावं

पहिलं झाड व्हेंट्राटा असावं. फिलिपिन्समधल्या दोन जातींचा हा संकर साधारण १५ ते ३३ अंश तापमानात खुशीत वाढतो, थोडा कोरडेपणाही सोसतो आणि घट भराभर धरतो. मिरांडा दिसायला देखणी आहे, पण पसरते खूप. एकेक घट वीतभराहून मोठा होतो, तेव्हा जागा असेल तरच घ्या. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात सखल प्रदेशातल्या मिराबिलिस, ग्रासिलिस, अँपुलारिया याही चालतात, कारण त्यांना उकाडा आणि दमटपणा दोन्ही हवेत. बोर्निओच्या उंच पर्वतांवरच्या जातींच्या वाटेला जाऊ नका. त्यांना रात्री १५ अंशांच्या आसपासचा गारवा रोज लागतो, आणि तो आपल्याकडे एसीशिवाय मिळत नाही.

बी विकत घेऊ नका. घटपर्णीचं बी केसासारखं बारीक आणि अल्पायुषी असतं. ऑनलाइन मिळणाऱ्या पाकिटांतून भलतंच काहीतरी उगवतं, किंवा काहीच उगवत नाही. निळ्या-जांभळ्या घटांचं चित्र असलेलं पाकीट तर शंभर टक्के फसवणूक.

रोप निवडताना घट मोजू नका, शेंडा बघा. शेंड्याचं कोवळं पान ताठ आणि हिरवं किंवा लालसर असेल तर रोप जोमाने वाढतंय. घट प्रवासात वाळतातच, ते पुन्हा येतात.

पाणी: इथे तडजोड नाही

पहिली खरेदी टीडीएस मीटरची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राची करा, दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. पाण्याचा टीडीएस ५० च्या खाली असावा. १०० पर्यंत निभतं, पण मग महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर शुद्ध पाणी वाहू देऊन साचलेले क्षार बाहेर काढावे लागतात. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी ५०० च्या वर असतं. ते घालत राहिलात तर दोनतीन महिन्यांत कुंडीत भरलेल्या मॉसवर (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळावर) पांढरट थर दिसतो, पानांच्या कडा तपकिरी होतात आणि नवे घट धरणं थांबतं.

पाण्याचे तीन स्रोत सोयीचे. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. पहिल्या दोनतीन सरींचं सोडून द्या आणि मग झाकणाच्या पिंपात साठवा, म्हणजे डास होत नाहीत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं. फक्त एसीची केमिकलने सफाई झाल्यानंतरचे काही दिवस ते वापरू नका. तिसरं आरओचं. यात गोम अशी, की घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस मुद्दाम वाढवलेला असतो, कधी कधी १५० पर्यंत. मीटर लावून बघा, गृहीत धरू नका.

पाणी वरून घाला आणि खालून निथळू द्या. मॉसचा वरचा थर बोटाला ओलसर लागायला हवा, पण दाबल्यावर पाणी सुटता कामा नये. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात गरज असेल तर, हिवाळ्यात दोनतीन दिवसांनी, असा अंदाज ठेवा आणि बोटावर विश्वास ठेवा. कुंडी पाण्याच्या बशीत उभी ठेवायची सल्लावजा चित्रं दिसतात. ती पद्धत अमेरिकेतल्या दलदलीत वाढणाऱ्या सारासेनियाची. घटपर्णीला ती दिलीत तर मूळ कुजतं.

कुंडी आणि भरण

दोन भाग लांब धाग्याचा स्फॅग्नम मॉस आणि एक भाग परलाइट (खनिजाचे फुलवलेले हलके पांढरे दाणे), हे सगळ्यात भरवशाचं मिश्रण. मॉस महाग वाटला तर एक भाग मॉस, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि एक भाग परलाइट घ्या, वर मूठभर लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे. सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट यांत मीठ असतं. शुद्ध पाण्यात २४ तास भिजवा, पाणी ओतून द्या, आणि निथळलेल्या पाण्याचा टीडीएस १०० च्या खाली येईपर्यंत हेच करत राहा. साधारण तीनचार वेळा धुतल्यावर येतो. नुसतं कोकोपीट भरू नका. ते बसून घट्ट होतं आणि मुळांना हवा मिळत नाही.

बागेतली माती, शेणखत, गांडूळखत, विटांचा चुरा, नीमपेंड यांतलं काहीही चिमूटभरसुद्धा नको.

मॉस अर्धा तास भिजवून हलका पिळा आणि परलाइट मिसळा. परलाइट आधी पाण्याने ओला करा, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. १२ ते १५ सेंटीमीटरची प्लॅस्टिकची, भरपूर भोकांची कुंडी घ्या. टांगायची असेल तर उत्तम, कारण घट खाली मोकळे लोंबतात. मातीची कुंडी लवकर सुकते आणि तिच्या भिंतीत क्षार साचतात. मिश्रण भरताना दाबू नका, कुंडी दोनदा आपटली की पुरे.

रोप जुन्या कुंडीतून काढाल तेव्हा मुळं काळी, बारीक आणि ठिसूळ दिसतील. बरेच जण ती कुजली समजून कापून टाकतात आणि तिथेच झाड गमावतात. घटपर्णीची निरोगी मुळं काळीच असतात. कुजलेलं मूळ बोटात चुरगळल्यावर लिबलिबीत होतं आणि त्याला वास येतो, तेवढंच कापा. मुळांभोवतीचा जुना गोळा शक्यतो न फोडता तसाच नव्या मिश्रणात बसवा.

पहिले चार आठवडे

कुरिअरने आलेलं रोप दमट हरितगृहातून थेट तुमच्या कोरड्या बाल्कनीत येतं. त्याला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी तंबूसारखी घाला, पानांना चिकटू नये म्हणून दोन काड्या रोवा, आणि ऊन थेट लागणार नाही अशा उजेडात ठेवा. उन्हात ठेवली तर पिशवीत रोप शिजतं. पहिला आठवडा पिशवी बंद, दुसऱ्या आठवड्यात वरून छोटं भोक, तिसऱ्यात भोक मोठं, चौथ्यात पिशवी काढा. प्रवासात घटातला द्रव सांडला असेल आणि घट अजून हिरवा असेल, तर तळाशी एकदोन सेंटीमीटर शुद्ध पाणी घाला. एरवी घटात पाणी भरायचं नसतं.

या काळात खत नाही, कीटक नाहीत, जागा बदलणं नाही.

उजेड आणि हवेतला ओलावा

घट न धरण्याचं पहिलं कारण कमी उजेड, दुसरं कोरडी हवा. दोन्ही सहसा एकत्र येतात आणि लोक फक्त पाणी फवारत बसतात.

पूर्वेकडची बाल्कनी सर्वात चांगली. सकाळचं दोनतीन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर लख्ख उजेड मिळाला पाहिजे. पश्चिम किंवा दक्षिण दिशा असेल तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा, एप्रिल-मेमध्ये ७५ टक्क्यांची. उजेड पुरेसा असला की नव्या पानांवर लालसर छटा येते आणि पानं आखूड, ताठ राहतात. कमी पडला तर पानं गडद हिरवी, लांब आणि लोंबती होतात, तणावे येतात पण टोक फुगत नाही. उलट ऊन जास्त झालं तर पान पिवळट पडून मधोमध कोरडे डाग येतात. घरात ठेवायचं असेल तर २० वॅटचा पांढरा एलईडी, शेंड्यापासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, रोज १२ ते १४ तास.

हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या वर असावा. तो ५० च्या खाली बरेच दिवस राहिला तर तणाव्याचं टोक काळं पडून वाळतं. हवेतला ओलावा मोजणारा साधा हायग्रोमीटर लावा. कोकणपट्टीत वर्षभर फारसं काही करावं लागत नाही. पुणे-नाशिककडे फेब्रुवारी ते मे कठीण जातात. झाडं घोळक्याने ठेवा, खाली रुंद ट्रेमध्ये खडे आणि पाणी ठेवा, कुंडीचा तळ खड्यांवर राहील आणि पाण्याला लागणार नाही असा. बाल्कनीच्या वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं तर खूप फरक पडतो. कूलरचा थेट झोत नको. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात झाड काचेच्या जुन्या फिश टँकमध्ये, घराच्या गार खोलीत, एलईडीखाली नेणं हाच खात्रीचा मार्ग आहे. बाहेर ४२-४३ अंशांत शेंडा करपतो.

धीर मात्र धरावा लागतो. नवं पान उलगडल्यापासून घट उघडेपर्यंत दोन महिनेही जाऊ शकतात.

खाऊ घालणं

बाहेर असलेलं झाड स्वतःचं पोट भरतं. घरातल्या झाडाला महिन्यातून एकदा, एकदोन घटांत एखादी मेलेली माशी किंवा माशांच्या खाद्याचे एकदोन दाणे टाका. एवढंच. मटणाचा तुकडा, चीज, दूध यांनी द्रव सडतो, घाण वास येतो आणि घट आतून काळा पडतो. असं झालंच तर घट ओतून टाका आणि शुद्ध पाण्याने विसळा. मॉसमध्ये खत कधीच घालायचं नाही.

वरून वाळत आलेला घट लगेच कापू नका. खालचा भाग हिरवा आहे तोवर तो पचवत असतो. पूर्ण तपकिरी झाला की तणाव्यापासून कापा. पान हिरवं असेल तर ते ठेवा, ते उजेडावर काम करतंच.

कीड आणि रोग

उन्हाळ्यात कोरड्या हवेत लाल कोळी आणि फुलकिडे येतात, पान खरबरीत आणि चंदेरी दिसतं. पिठ्या ढेकूण शेंड्याच्या बेचक्यात लपतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळा, कापसाच्या काडीने कीड एकेक करून पुसा आणि तासाभराने शुद्ध पाण्याने पान धुवा. चार दिवसांनी पुन्हा बघा, कारण पिल्लं राहून जातात. नीमतेल फवारायचं असेल तर संध्याकाळी आणि आधी एका पानावर करून बघा. तेलकट पान उन्हात भाजतं, आणि फवारा घटात गेला तर घट जातो.

पावसाळ्यात पानांवर गोल, वाढते काळे डाग आले तर हवा खेळत नाही असं समजा. झाडं दूर-दूर करा, डागाळलेलं पान काढा. सलग आठवडाभर झड असेल तर कुंडी पत्र्याखाली घ्या. पाऊस झाडाला सोसतो, तुंबलेलं मिश्रण नाही.

कुंडी बदलणं आणि फाटे

मॉस दीडदोन वर्षांत कुजून चिकट होतो. कुंडी जून-जुलैमध्ये बदला, हवा दमट असते आणि झाड लवकर सावरतं. एप्रिलमध्ये हात लावू नका.

वेल दोन फुटांच्या पुढे गेली की वरचे घट लहान आणि विरळ होत जातात. तेव्हा तिची छाटणी करा आणि त्याच फांदीचे फाटे करा. धारदार पाते अल्कोहोलने पुसून, दोन ते तीन पेरांचा तुकडा तिरका कापा. पानं अर्धी छाटा, घट काढून टाका, कारण मुळं नसताना एवढ्या पानांना पाणी पुरत नाही. खालचं पेर ओल्या, पिळलेल्या स्फॅग्नममध्ये रोवा, वर पिशवी बांधा आणि २५ ते २८ अंशांत, बिनउन्हाच्या उजेडात ठेवा. महिना-दोन महिन्यांत पेराजवळचा डोळा हिरवा होऊन फुगतो. तो फुटला म्हणजे मूळ धरलं असं नाही. मुळांना आणखी महिनाभर लागू शकतो, तेव्हा उपटून बघण्याचा मोह टाळा. हलक्या हाताने ओढल्यावर फाटा विरोध करू लागला की पिशवी हळूहळू उघडायला घ्या. खाली राहिलेल्या बुंध्यालाही याच सुमारास नवे कोंब येतात, आणि त्यांना येणारे घट पुन्हा मोठे, जमिनीलगतचे असतात.

प्रत्येक फाट्याला संकराचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी लावा. तो दुसऱ्याला देताना पट्टीही द्या, म्हणजे झाड कुठून आलं हे पुढच्या माणसाला सांगता येईल आणि रानातून उपटलेल्या झाडाशी त्याची गल्लत होणार नाही.